सलग सात टिंबं

५ सप्टेंबर, शुक्रवार

मोडल्या! हर्षालीच्या पाटल्या. चार तोळे. पिंपरी कॅम्पात, जिथं आपल्याला कुणी ओळखत नाही अशा दुकानात. सराफ म्हणाला, "वहिनींना नाही आणलं?" मी नुसता हसलो.

गणित सरळ आहे. आत्ता भाव चढलाय, आत्ता विकायचं. पडला की त्याच पैशात पाच तोळे घ्यायचे आणि गुपचूप दागिन्यांच्या डब्यात ठेवायचे. बायको काय खूश होईल!

८ सप्टेंबर

आठ वर्षं चाकणला कंपनीत शाफ्टच्या मापाचे चार्ट भरतोय. सलग सात टिंबं मधल्या रेषेच्या वर गेली की मशीन थांबवायचं, टूल बदलायचं. माप गुमान मध्यावर येतं. सोन्याच्या चार्टवर मोजली — सात! शिवाय मध्ये डोकं, दोन्हीकडे खांदे, अशी आकृतीही दिसतेय. पडणारच.

डबा खाताना शेजारच्या मशीनवरचा समाधान म्हणाला, "भावा, सोन्याच्या खाणीचे शेअर बघ. सोनं पडायच्या आधी ते पडतात." एक बघितला. तीन दिवस पडतोय! मग काय, पाटल्यांच्या पैशातून मोबाईलच्या ॲपवर वायद्यात मंदी धरली, म्हणजे सोनं आधी कागदावर विकायचं, पडल्यावर घ्यायचं. भाव पडला की फायदाच फायदा.

१२ सप्टेंबर

वाढलं.

१६ सप्टेंबर

पुन्हा वाढलं. तोटा वाढलाय, आणखी मार्जिन भरा, नाहीतर सौदा तोडू म्हणून ॲपचा मेसेज. भरलं. जेवण जात नाही. आज हातातून मायक्रोमीटर पडला, साहेब बघतच राहिले.

स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर हर्षाली पेनानं टिंबं काढतेय, रोज एक. दुधाची असतील.

२३ सप्टेंबर

खाणीचा शेअर का पडला ते कळलं. खाणीत पाणी शिरलंय! सोन्याच्या भावाशी काडीचा संबंध नाही. समाधानला धरलं तर म्हणतो, "मी काय खाणीत उतरलो होतो का, राव?" गाढव मीच.

मशीन थांबवायला लाल बटण तरी असतं. मला मात्र सौदा तोडवत नाही. उद्या पडेल, उद्या पडेल.

२ ऑक्टोबर, दसरा

बाजार बंद. तेवढाच जीव भांड्यात. पण शेजारचे सोपानराव आपट्याची पानं घेऊन आले — "सोनं घ्या, ज्ञानेशराव!" मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी हर्षाली म्हणाली, "बाराला निघोज्यात आदिनाथचा साखरपुडा. आईच्या पाटल्या घालणार मी." आदिनाथ तिचा धाकटा भाऊ. पाटल्या सासूबाईंनी आमच्या लग्नात स्वतःच्या हातातून काढून दिलेल्या. त्या पहिलं मनगटच बघतील!

९ ऑक्टोबर

सौदा तोडला. उरलेल्या पैशात जेमतेम एक तोळा येतोय.

आज तिला सांगायचंच म्हणून तीनदा तोंड उघडलं. तीनदा म्हणालो, "चहा टाकतेस का?" भित्रा आहे मी.

१२ ऑक्टोबर, रविवार

हर्षाली तयार होऊन आली ती हातात पाटल्या घालूनच!

"एक ग्रॅमवाल्या आहेत, खोट्या," ती म्हणाली. "डबा रिकामा झाला त्याच संध्याकाळी मला कळलं. कॅलेंडरवरची टिंबं मोजा. तुम्ही बोलला नाहीत तो एकेक दिवस."

मोजली. सदतीस.

"आईला आज तुम्हीच सांगायचं," म्हणाली आणि जिना उतरली. खाली स्कूटरचा हॉर्न वाजवतेय.