आमच्याच जागेवरचा बर्फ

३ एप्रिल १९७४

पुन्हा बर्फ. एप्रिल म्हणे! सकाळी दार उघडायला बाबांना खांदा लावावा लागला.

आई अजून दफनभूमीच्या कडेच्या विटांच्या खोलीतच आहे. फेब्रुवारीत गेली तेव्हा जमिनीचा दगड झाला होता, म्हणून तिची पेटी तिथे ठेवली — या हिवाळ्यात गेलेल्या आणखी तिघांशेजारी. जमीन सुटली की पुरायचं. गावात हे असंच चालत आलंय. लहानपणी त्यात काही वावगं वाटायचं नाही. आता त्या दाराकडे बघवत नाही.

उत्तरेच्या दवाखान्याचं पत्र आलं. आईच्या दुखण्यामुळे त्यांनी माझी रुजू व्हायची मुदत एकदा वाढवली होती. आता पंधरा मे, त्यापुढे नाही. तिथे नर्सच नाही — बाई अडली की विमानाची वाट बघत बसायचं! याचसाठी तर शिकले मी. या घरात कॉलेजचं दार बघितलेलं पहिलं माणूस मी, ते काय इथे बसून चुलीतली राख काढायला?

पण आईला जमिनीबाहेर ठेवून जाणार नाही. हे ठरलं.

१४ एप्रिल

ईस्टर. चर्चच्या अंगणात आशीर्वादासाठी आणलेल्या खाण्याच्या टोपल्या बर्फातच मांडल्या. पास्का, म्हणजे ईस्टरचा गोल पाव, बाहेरून कडक, आतून ओला — भट्टीत लक्ष नव्हतं माझं. पाव दर वर्षी आईच करायची.

जेवताना स्टेफका मावशी रंगवलेलं अंडं सोलत हसत हसत म्हणाली, "एवढी नर्स झालीस, पण घरातलं एक माणूस नाही राखता आलं."

कॅन्सरला पदवी दाखवून हाकलता येत नाही, असं मी म्हटलं. मग सगळे अंड्याकडे बघत बसले. बाबाही.

मला पुढे ढकलणारी आई एकटीच होती. शेवटी अंथरुणावरही तेच — "माझ्यापायी थांबू नकोस, ओरिस्या. जा." पाणी मागायची नाही, पण हे रोज म्हणायची.

२१ एप्रिल

कबरींना आशीर्वाद द्यायचा रविवार. क्रुसांची फक्त डोकी वर. फादर रोमान यांनी बर्फावरच पाणी शिंपडलं. कुणाच्या आजोबांना पोचलं, कुणाच्या आजीला, देव जाणे. आमच्या जागेपाशी आले, थांबले, मग वळून विटांच्या खोलीच्या दारावर शिंपडलं. चार थेंब. दारावरच गोठले.

२७ एप्रिल

सुटली एकदाची जमीन! चर खळाळतायत, रस्ताभर चिखल. कबरी खणणाऱ्या पानासनं त्या तिघांतल्या म्हाताऱ्या हावरिल्याकची कबर खणली.

आमच्या जागेवर मात्र कमरेएवढा ढीग. पानासनं त्यात पहार घातली. खाली टण्ण वाजली. म्हणाला, स्प्रूसच्या रांगेची सावली पडते, त्यामुळे वितळत नाही. वर — "तुझी आई बोलावल्याशिवाय कधी कुणाकडे गेलीय का? आताही मानात आहे."

मला हसू आलं. मग घरी येईपर्यंत राग आला. त्याचा, झाडांचा, सगळ्या गावाचा.

२ मे

शहरात थडग्याच्या जागेवर कोळसे पेटवून वरून पत्रा झाकतात. जमीन मऊ पडते. फादरना सांगितलं. त्यांची हरकत नाही, पण घरच्या कर्त्याचा होकार हवा.

बाबा म्हणाले, "आग नको. कोठार जळलं तेव्हापासून तिला आगीची भीती होती."

खरं आहे.

आजकाल दुपारी ते पिकअप घेऊन बाहेर असतात. चर बघायला जातो म्हणतात. पेरणी कुठेच सुरू नाही, एवढं काय बघायचं! हातमोजे मात्र ठिबकत असतात. रोज मी ते पिळून शेगडीवर वाळत घालते.

६ मे

तिसरी पेटीसुद्धा गेली — आईशेजारच्या तिघांतली शेवटची. आता त्या खोलीत ती एकटी.

गावसभेत उभी राहिले. यंत्र द्या, खोदून घ्या, म्हटलं. यंत्रानं बाकीचे क्रूस पडतील, म्हणाले. खेळाच्या मैदानावरचा बर्फ उपसायला हेच यंत्र हिवाळाभर राबत होतं! तिथे क्रूस नाहीत ना. मागून कुणीतरी म्हणालं, शिकलेल्यांना घाई फार. आणि हसले. ज्यांच्या बाळंतपणांत आई रात्ररात्र जागली, तेच.

या गावाला सोडून जाताना मला काही वाटणार नाही. खरंच नाही.

९ मे

लिहवत नाही. तरी लिहिते.

दुपारी बाबांना गरम कॉफी द्यायला चराकडे गेले. तिथे कुणी नव्हतं. परत येताना पिकअप दिसला — दफनभूमीच्या फाटकात. मागच्या हौद्यात बर्फ भरलेला. ओढ्याच्या उताराला अजून उरलाय, तिथून आणलेला, काळपट. बाबा तो फावड्यानं आमच्या जागेवर टाकत होते. टाकत, आणि फावड्याच्या पाठीनं थापत. पोराला झोपवताना थोपटतात तसं.

सावली! स्प्रूस!

मला बघून थांबले नाहीत. मी विचारलं, कशासाठी. म्हणाले, "तिला पुरलं की मंगळवारच्या बसनं तू जाशील."

मग मी बोलले. सगळं. तुमच्यापायी ती त्या खोलीत खितपत पडलीय. तुम्हाला भाकरी टाकायला कुणीतरी हवंय, एवढंच. आणि — "आईला तुमची लाज वाटली असती. मी जावं, हेच तिला हवं होतं."

त्यांनी वर बघितलं. पुन्हा थापायला लागले.

१० मे

बाबा बाहेर गेले नाहीत. हातमोजे कोरडे. दिवसभर ऊन.

११ मे

ऊन. पानास येऊन सांगून गेला, सोमवारी खणतो. मी बॅग भरली.

१२ मे

चर्चहून परतताना बाबा दफनभूमीत शिरले, म्हणून मीही. ढीग गेला होता. मधोमध परातीएवढा बर्फ उरला होता, बाकी काळी, ओली माती.

टोपी काढून, मातीकडे बघत म्हणाले, "मी सांगणार नव्हतो. तिनंच माझ्याकडून वचन मागून घेतलं होतं. म्हणाली, पोरीला मी जा जा म्हणते, तू मात्र मला लवकर पुरू नकोस. तेवढे दिवस तरी ती राहील."

आणि गेले पिकअपकडे.

ऊन कडक होतं. त्या बर्फाच्या आणि सूर्याच्या मध्ये जाऊन मी उभी राहिले. माझी सावली त्यावर नीट पडेल अशी. बाबांनी हॉर्न वाजवला नाही.