लाल नळातले किडे

घाटंजी, मंगळवार संध्याकाळ

भाऊसाहेबांच्या जिनिंगमधली कापसाची गंजी जळाली. आगीसाठीचा नळ उघडला, तर सडक्या अंड्यांच्या वासाचं काळं पाणी आलं आणि दाब चढताच नळ फाटला. बाहेरून दसऱ्याचा लाल रंग मात्र ताजा!

रंगाआधी त्याच नळावर मी पाना ठोकला होता. आवाज बद्द आला. म्हटलं, "साचल्या पाण्यात जंतू होतात, लोखंड आतून खातात. नळ बदला." तर भाऊसाहेब चारचौघांत हसले, "मिस्त्री, तुले किडे चावतांना ऐकू येतात काय?" माझं वर्कशॉप झालं, तरी मी मिस्त्रीच.

आज तेच माझा हात धरून रडत होते. त्यांच्या बोटांना फाटक्या नळाच्या लाल रंगाचे पोपडे. मी हसत कानाशी वाकलो, "भाऊसाहेब, आता येऊन राह्यले काय ऐकू?"

काहून बोललो? पण त्या बोलण्याची चव जिभेवर अजून गोड आहे.