दंडावरचा पट्टा आणि घुंगरांची काठी

साणंद, गुजरात

तीर्थरूप आबांना रत्नाचा नमस्कार.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून लिहिते. मी बरी आहे. इथल्या गोड आमटीचीसुद्धा सवय झाली. गाय आता पायावर नीट उभी राहते का?

आमच्या गोदामात माल उचलणाऱ्या गाड्या दिवसभर मागंपुढं पळतात. गलका एवढा की हॉर्न कळत नाही. म्हणून कंपनीनं आम्हा सगळ्यांना दंडाला बांधायला एक पट्टा दिलाय. गाडी जवळ आली की तो थरथरतो. पट्टे आत्ताच का दिले ते विचारू नका, दिले हे लई बरं झालं.

पहिल्या दिवशी पट्टा थरथरला आणि बिबट्या समोर आला तर काय करायचं हे तुम्ही शिकवलेलं, तेच मी केलं. पळाले नाही. जागेवर उभी राहून हात वर केले आणि ओरडले. गाडी उलटी माझ्याकडं येत होती, ती हातभर अंतरावर थांबली. सुपरवायझरबाई आधी रागावल्या, मग पाणी दिलं. म्हणाल्या, थांबायचं नाही, पिवळ्या रेघेमागं सरकायचं.

आता अंग आपोआप सरकतं. काळजी करू नका.

आई सांगत होती, तुम्ही घुंगरांची काठी घरीच ठेवून उसाला पाणी द्यायला जाता. म्हणता, "मला घुंगरं ऐकू येत न्हाईत, मग कशाला वझं?"

आबा, काठी घेऊनच जात जा. तुम्हाला नसतील येत, बिबट्याला ऐकू येतात.

तुमची,
रत्ना