डावं टोक तुझं, उजवं माझं

१२ जानेवारी

प्रिय ताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर आपण भांडतोच, त्यामुळे पत्रं लिहायचं ठरवलं ते बरं झालं. शिवाय हल्ली फोनवर तुझा आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो. फोन बदलायला झालाय.

आपलं मेटल संगीत कुठे ऐकतोस, असं विचारलं होतंस. आमच्या कोल्ड स्टोरेजच्या सफरचंदांच्या खोलीत. कॉम्प्रेसरची पाळी संपली की जॅकेट चढवून आत जातो. दार उघडताच धुकं गुडघ्यापर्यंत येतं. छतापर्यंत क्रेट रचलेले. एक पालथा घालून बसतो आणि त्या गिटारी सावकाश येऊ लागतात. कुठून सुरू झाल्या ते कळतच नाही. धुकं मशीनचं आहे, पण चालतं. कुणाशी बोलावंसं वाटत नाही आणि एकटंही नको असतं, त्या वेळी हे संगीत फार जवळचं वाटतं.

आपला तो पहिला अल्बम मात्र अजून तसाच आहे. एकट्याने ऐकायचा नाही ही शपथ मी पाळतोय. आठवतं? घरी गच्चीवर टाकीखालचा कट्टा, दोघांत एक इअरफोन. भिंतीकडची जागा तुझी, म्हणून डावं टोक तुझं, उजवं माझं. शेवटच्या गाण्यातल्या संथ भागात बाई गुणगुणते म्हणे! तिथे घंटा वाजते गं, घंटा. त्यावरून अख्खा उन्हाळा अबोला धरलास. सुट्टीत घरी ये, एकदाचा निकाल लावू.

आणि येताना चांगला इअरफोन आण. माझ्याकडचा उजवीकडून मेला. नवा घेतला, तोही त्याच बाजूने गेला. सगळा माल भिकार.

माया आहे ती तशीच ठेव.
तुझा भोंग्या


२७ जानेवारी

चि. भोंग्यास,
अनेक आशीर्वाद.

पाळण्यात असल्यापासून तू सगळी आळी उठवायचास, त्यामुळे हे नाव तुला आयुष्यभर पुरणार. इअरफोन मेले म्हणतोस. मेले नसतील, तुझ्या घंटेला कंटाळून पळाले असतील. पार्सलने चांगल्यातला पाठवते आहे. हाही बिघडला तर दोष वस्तूचा नाही, वापरणाऱ्याचा!

माझी जागा म्हणजे आमची एक्स-रेची खोली. शेवटचा पेशंट गेला की शिशाचं जड दार लावून घेते. बाहेरचा आवाज नाही, फोनला रेंज नाही. दिवसभर ‘श्वास रोखा, हलू नका’ म्हणून म्हणून माझाच श्वास रोखल्यासारखा झालेला असतो. ढोल सुरू झाले की तो सुटतो. आई अजूनही याला भांडी पडल्याचं संगीत म्हणते. मी तिला म्हटलं, पडताना सुरात पडतात गं.

सुट्टीचं मात्र जमेल असं दिसत नाही. इथे नवं मशीन बसतंय, साहेब सोडणार नाहीत. उन्हाळ्यात बघू. बाई कुठे पळून जात नाही, आणि तुझी ती नसलेली घंटाही नाही.

तब्येत सांभाळ, आणि रागावलास तरी पत्र टाकायचं थांबू नकोस.
तुझी ताई


२० फेब्रुवारी

प्रिय ताईस,
सा. न. वि. वि.

तुझा इअरफोनही उजवीकडून बंद निघाला. आमच्या फिटरला दाखवला. त्याने स्वतःच्या कानात घातला, म्हणाला दोन्ही बाजू ठणठणीत आहेत. मग त्याने गंमत म्हणून डावं टोक माझ्या उजव्या कानात घातलं. काहीच नाही. आम्ही दोघं हसलो. मग तो हसायचा थांबला.

कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. म्हणाले, नस गेली आहे. असं अचानक होतं, कधीकधी कारणही सापडत नाही. पहिल्या काही दिवसांत आला असतात तर औषधाने फरक पडला असता. आता आशा धरू नका. कानात गुणगुण चालू असायची, पण ती मला कॉम्प्रेसरची वाटत होती. चोवीस तास मशीनपाशी राहणाऱ्याला वेगळं काय वाटणार?

डावा शाबूत आहे. रडू नकोस. आईला तूच सांग. मला तिचे ते भांड्यांचे टोमणे ऐकवणार नाहीत.

आहे तेवढ्या कानाने तुझं ऐकेन, लोभ कमी करू नकोस.
भोंग्या


२४ फेब्रुवारी

चि. भोंग्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं जुनं पत्र काढून वाचलं. फोन विहिरीतला, एक इअरफोन उजवीकडून मेलेला, दुसरा उजवीकडून मेलेला. सगळं तू स्वच्छ लिहिलं होतंस. मी दवाखान्यात काम करते रे. उशिरा येणाऱ्या पेशंटला रोज सुनावते की इतके दिवस काय करत होतात. आणि माझ्या भावाने तीन खुणा लिहून पाठवल्या, तर मी त्यावर विनोद करून पार्सल धाडलं.

तेव्हा सुट्टी घेऊन आले असते तर शेजारी बसताच कळलं असतं. तू मला ‘काय?’ म्हणून दोनदा विचारलं असतंस, मी टपली मारली असती आणि हाताला धरून डॉक्टरकडे नेलं असतं. हेच मनात घोळत राहतं.

आईला सांगितलं. ती म्हणाली, त्या संगीताला नावं ठेवायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, पण नाही ठेवली.

मशीन गेलं खड्ड्यात. शनिवारी घरी पोचते, तूही ये. तो अल्बम आण. या वेळी भिंतीकडे तू बसायचं.

वाट बघ, रुसू नकोस.
तुझी ताई


१० मार्च

प्रिय ताईस,
सा. न. वि. वि.

कट्ट्यावर मी काहीच बोललो नाही, कारण बोललो असतो तर खरोखरचा भोंगा वाजला असता. म्हणून आता लिहितो. बाई आहे. शब्द नाहीत, नुसतं गुणगुणणं, शेजारच्या खोलीत कुणी कपड्यांच्या घड्या घालत असावं तसं. ती त्या डाव्या टोकात इतकी वर्षं होती आणि मी तुला वेडी म्हणत होतो.

त्याच वेळी तुझ्याकडे पाहिलं. तू तोंडावर हात धरला होतास. घंटा ऐकलीस ना? मला तेव्हाच कळलं. आणि हेही कळलं की मला ती आता परत ऐकू येणार नाही. एका संध्याकाळी टोकांची अदलाबदल केली असती तरी पुरलं असतं गं. पण हट्ट.

घरी गेलो की जेवताना आई आता न सांगता माझ्या डाव्या बाजूला येऊन बसते. ते बघवत नाही आणि बरंही वाटतं.

शपथ मी मोडतो आहे, अल्बम या पत्रासोबत पाठवतोय. तुझे दोन्ही कान आहेत. तुझ्या त्या खोलीत बसून दोन्ही टोकं लावून ऐक आणि बाई आणि घंटा एकत्र कशा वाटतात ते मला लिही.

उत्तराकडे डोळे लावून बसलोय.
तुझा भोंग्या


१६ मार्च

चि. भोंग्यास,
अनेक आशीर्वाद.

ऐकलं. शेवटचा पेशंट गेल्यावर दार लावलं. उजवं टोक घालताना हात अडला. ती जागा तुझी आहे असं वाटत होतं. तरी घातलं, तू सांगितलंस म्हणून.

आधी तुझी घंटा वाजते. ती विरत जाते, पूर्ण विरते, आणि मगच बाई सुरू होते. बाई थांबली की पुन्हा घंटा. पूर्ण भागात दोघी एकदाही एकमेकींच्या मध्ये बोलत नाहीत रे. एकीचं संपेपर्यंत दुसरी थांबते.

म्हणजे मी ऐकत होते तेव्हा तुझ्याकडे शांतता होती, आणि तू ऐकत होतास तेव्हा माझ्याकडे. त्या वेळी एकमेकांकडे नुसतं बघितलं असतं तरी समजलं असतं.

परत नाही लावलं. पुढच्या महिन्यात येते आहे. तुझ्याकडे बाई असू दे, मी घंटा धरते. ती वाजली की तुझ्या हातावर बोट टेकवेन.

तोवर या ताईवर आहे तेवढा जीव राहू दे.
तुझी ताई