नाव घालू की नको

बजाजनगर,
सोमवार, ९ फेब्रुवारी २०२६

ती. अक्कास,
रामकिसनचा नमस्कार.

इकडं आम्ही ठीक आहोत. मंजुषाचा गुडघा आता फक्त जिन्यावर दुखतो. दाजी आणि प्रेरणा बरे असतील. फोन सोडून चिठ्ठी का, असं तुला वाटेल. फोनवर तू "चाललंय रे" म्हणतेस, मीही "इकडं पण चाललंय" म्हणतो, आणि आपण ठेवून देतो. ही चिठ्ठी गंगापूरच्या जीपवाल्याजवळ देतोय. एकटी असशील तेव्हा वाच.

प्रेरणाच्या लग्नाची भांडी काढून ठेवली आहेत. ताटं, वाट्या, तांबे, तीन डबे, एक मोठं पातेलं. चांगला माल तेवढाच उरला होता. दिवाळीनंतर मी नवा भरलेला नाही.

संक्रांतीला तू दुकानाचं विचारलंस, तेव्हा मी बरंय म्हणालो. तसं नाही. कंपन्या कंत्राटी पोरांना सात-आठ महिन्यांनी ब्रेक देतात, की पोरं खोली सोडून गावाकडं. इथं राहणार की नाही हेच ज्याला माहीत नाही, तो डबे कशाला घेईल? बाकीचे मोबाईलवरून मागवतात आणि नाव घालायला माझ्याकडं आणतात. परवा एक बाई कुकर घेऊन आली. मी म्हटलं, "ताई, हाच कुकर माझ्याकडं होता की."

"असंल दादा, पण तुम्ही घरी आणून देता व्हय?" आणि वर म्हणते, "नाव जरा वळणदार घाला."

घातलं.

तेही आता कमी झालंय. नाव असलं की भांडं पटकन विकता येत नाही, म्हणून लोक कोरंच नेतात. आणि माझं जास्तीचं काम उलटं झालंय. पलीकडच्या गल्लीत वाजीदभाई जुनी भांडी विकतात. ते पोतं भरून आणतात, मी चाकावर धरून नावं घासून काढतो, वर पॉलिश करून देतो. पहिल्या दिवशी जड गेलं. नंतर नाही. चाक फिरत असतं, नाव दोन मिनिटांत जातं. कुणाचं, ते मी वाचत नाही.

मागच्या मंगळवारी त्यांनी पोतं आणलं. "रामकिसनभाई, शाम तक देव. दूसरे के नाम की थाली में कौन खाता जी?"

वर सहा ताटं होती. नाव वाचलं नव्हतं, आधी फूल दिसलं. नावापुढं पाच पाकळ्यांचं, एक पाकळी मोठी.

तुझ्या लग्नाच्या वेळी आपल्या बापूंनी नाव घालायचं मशीन नवं आणलं होतं. मी सतरा वर्षांचा. पहिलंच नाव तुझं घातलं आणि प्रत्येक ताटावर फूल काढत बसलो. बापू ओरडले, "लग्नाची भांडी हायेत का तुझी चित्रकलेची वही?" तू म्हणालीस, "राहू द्या बापू. सासरच्या ताटांत माझी मिसळणार नाहीत."

वाजीदभाईंना विचारलं, माल कुठला. म्हणाले, गंगापूरच्या बाजारातून उचलला.

अक्का, मी त्या ताटांवरची तुझी नावं पुसली. साही. हीच गोष्ट मला सांगायची होती आणि मी कुकरपासून सुरुवात केली. ती ताटं मी ठेवून घेऊ शकलो असतो. वाजीदभाई नाही म्हणाले नसते. पण सुचलंच नाही. एक धरलं, पुसलं, बाजूला ठेवलं, दुसरं धरलं. तुझं नाव आधी गेलं, फूल जरा खोल होतं म्हणून त्याला वेळ लागला. दुपारी घरी जाऊन जेवलो. मंजुषाला सांगितलं, तर ती म्हणाली, "आणि तुम्हाला जेवण गेलं?"

गेलं. खोटं कशाला सांगू.

दुसऱ्या दिवशी वाजीदभाईंकडं गेलो. ताटं विकली गेली होती. नवरा-बायको होते, नवीनच खोली केलेली. बायकोनं एकेक ताट उजेडात धरून बघितलं म्हणे, आणि म्हणाली, एकदम नवी दिसतात.

तुला मी काही विचारत नाही. दाजींचं काम सुटलं का, कधी सुटलं, लग्नाची बोलणी कशाच्या जोरावर केली, काही नाही. मी तरी तुला कुठं सांगितलं होतं? सांगावंसं वाटलं तर जीपवाला गुरुवारी परत येतो.

आता प्रेरणाच्या भांड्यांचं. तू म्हणाली होतीस, नाव घालून दे, माझ्या ताटांवर काढलं होतंस तसं फूलही काढ. मशीनला तेल घालून ठेवलंय. पण धंद्यातला माणूस म्हणून सांगतो, कोरं भांडं कुठंही, कधीही चालतं. नाव असलेलं आधी माझ्यासारख्या कुणाकडं न्यावं लागतं. पोरीला पुढं कधी वेळ आली तर तेवढा त्रास वाचेल.

तीन दिवस झाले, भांडी समोर आहेत आणि माझ्यानं ठरत नाही. तू आई आहेस, तू ठरव. नाव घालू की नको, एवढंच कळव. घाल म्हणालीस, तर फूल खोल काढीन.

दाजींना यातलं काही बोलू नकोस.

तुझं नाव घालणारा आणि पुसणाराही,
रामकिसन