‘बहीण-जावई’खालची कोरी ओळ

बाबा,

दोन ओळी शुद्ध लिहून पाहिल्या अन् खोडल्या. तुमच्याशी मी जन्मात कधी ‘मला’ म्हणून बोलली नाही, मग आता कायले सोंग करू. प्रेसमध्ये तुमच्याच खुर्चीवर बसून लिहून राहिली. खुर्ची तीच आहे, गादी बदलली, कारण जुनीतून कापूस निघत होता अन् माझी कंबरही आता पहिल्यासारखी राहिली नाही. दुपार आहे, गिऱ्हाईक नाही, समोरच्या पितळी भांड्यांच्या दुकानातली ठोकाठोकी तेवढी ऐकू येऊन राहिली. सांगायची गोष्ट अशी, की मी परत शिकून राहिली. हसू नका. मास्टर्स करून राहिली, डिझाइनमध्ये, घरबसल्या ऑनलाइन. एखादी गोष्ट दिसावी कशी हे त्यात शिकवतात, अन् मोबाईल हातात घेतलेल्या माणसाले बोट कुठं ठेवायचं हे कोणाले न विचारता समजलं पाहिजे, तेही शिकवतात. आईले असंच समजावून सांगितलं. ती म्हणाली, त्याच्यासाठी फी कायले भरा लागते?

तुम्हीही विचाराल, काहून म्हणून. लग्नाचं कार्ड आता फारसं कोणी छापत नाही, बाबा. छापतात, पण देवापुढं ठेवाले अन् मामाच्या घरी न्याले तेवढेच. बाकीच्या गोतावळ्याले मोबाईलवर जाते. लोक दारातूनच म्हणतात, ताई, फक्त पीडीएफ द्या. तुमची मशीन मागच्या खोलीत झाकून ठेवली आहे. मग वाटलं, कागद गेला तर गेला, मांडणी तर कुठं जात नाही, तीच नीट शिकून घ्यावी. भावानं नेटवर अर्ज भरून दिला. अन् आता चाळिशी ओलांडल्यावर दर शनिवारी दुपारी मी कानात इअरफोन घालून बसते, अन् माझ्या अर्ध्या वयाची पोट्टी-पोट्टे मले ‘मॅम’ म्हणतात. शिकवणारी मॅडमही माझ्याहून लहान. बंगलोरहून बोलते, इंग्रजीत, माझं तोंड पाहून मग हिंदीत. लाईट गेली की नेट जाते, नेट येते तोवर तिचं वाक्य अर्धं निघून गेलेलं असते. दिवसभर दुकानाचे फ्लेक्स, मग आईचं पथ्यपाणी, मग उरलेला जीव घेऊन अभ्यास. थकली मी. कितीदा मनात आलं की द्यावं सोडून. पण ‘सोडून आलेली’ हा शिक्का एकदा बसलेला आहे, दुसऱ्यांदा नको, म्हणून रेटून राहिली.

बपेऱ्याहून, नवऱ्याच्या घरून, मी परत आली तेव्हा तुम्ही एका शब्दानं विचारलं नाही, हे मी विसरली नाही. आई रडली. आत्या येऊन चार गोष्टी ऐकवून गेली. भाऊ तेव्हा कॉलेजात होता, तो बाहेरच्या बाहेर फिरत राहिला. तुम्ही नवीनच कॉम्प्युटर घेतला होता, खिळे जुळवून छापायचं काम संपत आलं होतं. काही दिवसांनी चपला घालता घालता तुम्ही म्हटलं, घरात भिताडाकडं पाहत बसशील त्यापेक्षा चाल प्रेसमध्ये, ते डबडं मले काही येत नाही, तू शीक. झालं. त्या दिवसापासून मले रोज सकाळी उठून जायाले एक जागा झाली, अन् लोकांले विचाराले तोंड राहिलं नाही. मी शिकली. तुम्ही मात्र शेवटपर्यंत शिकले नाही. माऊस असा घट्ट धरायचे, जसा काही पळून जाईल. एखादं नाव निवडून खोडणं तेवढं तुम्हाले जमायचं. खोडल्यावर खालच्या ओळी वर सरकवणं, कडा जुळवणं, हे सगळं माझ्याकडं.

पण कार्ड भरायचं कसं, यात कोणाचं चालत नव्हतं. इंचभर जागा मोकळी दिसली की तुमचं डोकं फिरायचं. कलश टाक, वेल टाक, नाहीतर काकाच्या नातवंडांची नावं टाक. ‘रिकामी जागा दिसली की लोक इचारतात, इथून कोनाचं नाव गाळलं?’ हे वाक्य मी इतकेदा ऐकलं की झोपेत उठवलं तरी म्हणून दाखवीन. तुमच्या कार्डात तारीख शोधाले चष्मा लागायचा ही गोष्ट वेगळी. एका लग्नाचे पाहुणे दुसऱ्या दिवशी पोचले होते अन् येऊन आपल्याच नावानं बोंबलले होते. तरी तुम्ही म्हटलं, तारीख चुकली तर माणूस एक डाव चिडते, नाव चुकलं तर जन्मभर. तेही खोटं नव्हतं. एका नावापायी भरल्या पंगतीतून उठून गेलेले लोक मी पाहिले आहेत.

मग भावाचं लग्न ठरलं. कार्ड आपल्याच प्रेसमधलं, मीच मांडलं. ‘बहीण-जावई’ या शब्दांखाली बहिणींची नावं यायची होती. सख्खी मी एकटी, म्हणून पहिली ओळ माझी, खाली चुलत-आते बहिणी जोडीनं. तिथंच गाडी अडली. माझ्या नावामागं टाकायचं काय? सौ. टाकावं तर लोक विचारतील, जावई कुठाय. कु. टाकावं तर माझ्या लग्नात सगळं गाव जेवून गेलेलं. श्रीमती म्हटलं की आपल्याकडं विधवाच समजतात, अन् तो तर तिकडं चांगला धडधाकट. मी तोवर नुसतं नाव टाकून ठेवलं होतं, तर तुम्ही म्हणाले, सगळ्यांच्या नावामागं मान अन् हिच्याच मागं नाही, ते बरं दिसत नाही. आई म्हणाली, टाकून द्या जावयाचंही नाव, कोण पाहाले येते. आठवडाभर आपल्या घरात कोणी धड जेवलं नाही.

त्याच आठवड्यात पवनीकडच्या एक शिक्षिका आल्या होत्या, बौद्ध, त्यांच्याही भावाचंच कार्ड होतं. त्याही नवऱ्याले सोडून राहत होत्या. चहा पितापिता त्यांनीच सांगितलं, आवाज खाली न करता. त्यांच्या कार्डात सगळ्यांच्या नावामागं एकच, ‘आयु.’ पुरुष असला तर आयुष्मान, बाई असली तर आयुष्मती. लग्न झालेली, न झालेली, सोडून आलेली, कोणाले वेगळं नाही. तुम्ही चष्मा नाकावर घेऊन त्यांचं नाव तपासलं, बरोबर आहे म्हणाले, अन् छापाले दिलं. मी बाजूच्या स्टुलावर बसून पाहत होती. मले त्या बाईचा हेवा वाटला बाबा, आतून जळली मी. त्या गेल्यावर मी म्हटलं,

‘मले बी आयु. टाका ना.’

तुम्ही मान वर केली नाही. ‘आपल्यात नाही टाकत ते.’

‘मग आपल्यात माझ्यासाठी काय हाय?’

तुम्ही चष्मा पुसाले घेतला. पुसतच राहिले. मी पर्स उचलली अन् घरी निघून गेली, अन् त्या कार्डाले पुन्हा हात लावला नाही.

छापून घरी आलं तेव्हा पाहिलं. ‘बहीण-जावई’, अन् खालची पहिली ओळ कोरी. दुसऱ्या ओळीपासून चुलत बहिणी. बाकी सगळं कार्ड गच्च, मुंगीले शिराले जागा नाही, अन् मधेच तेवढं एक पांढरं. लोकांनी विचारलंच. तुम्हाले विचारलं की तुम्ही पानाचा डबा उघडायचे. मले विचारलं तर मी म्हणत होती, प्रेसवाल्याले विचारा. लग्नात मी करवली म्हणून मिरवली नाही, स्वयंपाक्यांजवळ उभी राहून वाढप पाहत राहिली. तुमच्याशी बोलणं कामापुरतं, शाई संपली, कागद आला, एवढंच. राग उतरला की एक दिवस विचारू, असं मनात होतं. पुढच्या हिवाळ्यात तुम्ही गेले. राग तेव्हाही उतरला नव्हता, म्हणून मले नीट रडताही आलं नाही.

या वर्षी क्लासमध्ये फॉर्मचा धडा आला. मोबाईलवर नाव भरतानी आधी श्री, सौ, कुमारी यातलं एक निवडाले लावतात, त्याच्यावर. मॅडमनं सांगितलं, हा रकाना शक्यतो काढूनच टाका, माणसाले उगाच अडचणीत कायले घालता. अन् पुढची स्लाईड लावली. आपल्या घरात ज्यापायी आठवडाभर घास उतरला नाही, ते तिनं दोन वाक्यांत उरकलं. मी कॅमेरा बंद केला अन् तोंड धुऊन आली. अभ्यासाच्या शेवटच्या कामासाठी मग मी तेच घेतलं, घरच्या लोकांले आपलं कार्ड आपणच मोबाईलवर बनवता यावं असं ॲप. नावामागचा रकाना काढून टाकला. काढल्यावर लोकांच्या हाती देऊन पाहावं लागते, त्याच्याशिवाय पास करत नाहीत. म्हणून दुकानात येणाऱ्यांले दिलं. एक म्हातारे काका म्हणाले, नावामागं काहीच नाही, वाचतानी कोणी अरे-तुरे करून राहिल्यासारखं वाटते. एका बाईनं विचारलं, माझं सौ. काहून काढलं, मी काय गुन्हा केला? घ्या आता. बंगलोर एक सांगते अन् आपलं भंडारा दुसरंच. मग सगळ्यांच्या नावामागं आयु. ठेवून पाहिलं. तेच काका परत आले, पाहिलं, अन् हळूच म्हणाले, ‘हे त्यांच्यातलं हाय ना?’ तुमचाच सूर, बाबा. आयुष्य काय जात पाहून मिळते का, असं अगदी ओठावर आलं होतं. पण ते म्हातारे, मी दमलेली. म्हटलं, बदलता येते काका. अन् चार पर्याय ठेवून दिले. आयु. मात्र सगळ्यात वर ठेवलं, तिथून मी हटली नाही.

मागच्या शनिवारी तोंडी परीक्षा झाली. आपल्या भागातलं एखादं जुनं काम दाखवून, त्यावरून आपलं काम कसं सुचलं ते सांगायचं होतं. मी भावाचं कार्ड लावलं. किती ही गर्दी म्हणून पोट्टे थोडे हसले. मॅडम हसली नाही. तिचा बाण पडद्यावर फिरत फिरत त्या कोऱ्या ओळीवर जाऊन थांबला. हिंदीत म्हणाली, एवढ्या गर्दीत ही एकच जागा सोडलेली आहे अन् नजर तिथंच जाऊन बसते, हे चुकून होत नाही, कोणी केलं हे?

आता तुम्हीच सांगा, मी काय म्हणू. मले माहीत आहे ना, की तुम्हाले नाव खोडता येत होतं, खालच्या ओळी वर सरकवता येत नव्हतं. सरकवून देणारी घरी निघून गेली होती. एवढीच गोष्ट असू शकते. माझ्या या अभ्यासात तर पहिला धडाच तो, की माणसाले बटण सापडलं नाही तर दोष माणसाचा नाही. किंवा मग रिकाम्या जागेले जन्मभर भ्यालेल्या माणसानं, लोक विचारतील हे पक्कं माहीत असून, ती एक जागा ठेवली, की विचारू द्या, इथं माझी पोरगी आहे. दोन्ही होऊ शकते. आईले मी एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, त्यांच्या मनातलं त्यांलेच ठाऊक, तू जेवून घे.

मॅडम थांबली होती. मी माईक सुरू केला अन् तोडक्यामोडक्या हिंदीत म्हटलं, माझ्या बाबांनी केलं. तिथं माझं नाव यायचं होतं. लिहाले त्यांच्यापाशी शब्द नव्हता, म्हणून त्यांनी जागा ठेवली. अन् माईक बंद केला. परवा मार्क आले, वर्गात सगळ्यात जास्त मलेच, अन् मॅडमनं लिहिलं होतं की ती जागा ती विसरणार नाही. आईनं पेढे आणाले लावले. मी ते मार्क घेतले, बाबा. पेढेही खाल्ले. अन् तेव्हापासून असं होऊन राहिलं, की मी सांगितली ती गोष्ट मलेच खरी वाटते. सकाळी शटर वर करतानी तुमच्यावरचा राग शोधून पाहते, तर सापडत नाही. इतक्या वर्षांनी जरा बरं वाटून राहिलं.

हे पत्र टाकाले कुठं पेटी नाही, ते ठीकच आहे. पण खरं सांगू का, तुम्ही आत्ता मागच्या खोलीत बसलेले असते तरी मी हे तुमच्या हाती दिलं नसतं. तुम्ही पूर्ण वाचलं असतं, अन् तुम्हाले खोटं बोलता येत नव्हतं. ‘अवं, ते वर घ्यालेच जमलं नाही मले,’ असं म्हणून बसले असते तर? मले ते ऐकायचं नाही.