दोरीचं दुसरं टोक

३ नोव्हेंबर
माथेरानला चढताना माझ्या कानांना दडे बसले की माझा नवरा सदा पेपरमिंट पुढे करायचा. गीळ, सुटतील, म्हणायचा. पाणबुड्याच तो, पाण्याखाली जेट्टीचे खांब दुरुस्त करणारा.

आज रेवदंड्यात भाड्यानं राहायला आले. ओसरीवरून खाडीचं मुख दिसतं. चार वर्षांपूर्वी सदा तिथेच उतरला आणि त्याची दोरी रिकामी वर आली. वरच्या टोकाची गाठ तशीच ठेवून ती इथे खुंटीला टांगली. घरमालकीण फिरोजानं बांगड्याचं कालवण आणलं. काटे काढून देऊ का, म्हणून शहरवालीला चिडवलंही. पोटभर जेवले.

८ नोव्हेंबर
भरती आली की कानांना दडे बसतात, ओहोटीला सुटतात. अलिबागचे डॉक्टर म्हणाले, कान स्वच्छ आहेत. नाडी मात्र फार मंद. सदा सांगायचा, खोल पाण्यात काळीज आपोआप सावकाश चालतं. मी तर ओसरीवर भाजी निवडत होते.

फिरोजा दोरी पाहून दचकली. पाणबुडा परतला नाही तर घरच्यांनी गाठ सोडून दोरी समुद्राला द्यायची, अशी इथली रीत. ‘बाय, गाठ हाय तवर त्याला वाटतं, वर कुनीतरी धरलंय.’
मला तेच तर हवं होतं. गाठीचं टोक पलंगाला बांधलं, दुसरं खिडकीतून खालच्या खाडीत सोडलं.

११ नोव्हेंबर
दुपारी दोरीला एक हिसका. पाणबुड्यांच्या खुणेत एक म्हणजे ‘मी ठीक आहे’. मीही एक दिला. खूप रडले.

१७ नोव्हेंबर
रोज हिसका, रोज उत्तर. छातीवर दाब. फार थकले. मुलगी पूनम पुण्याला न्यायला आली. ताम्हिणी घाटात सांधे पिळवटले, खोकल्यात गुलाबी फेस. खोलातून भरकन वर आलं की रक्तात बुडबुडे होतात. उपाय एकच, पुन्हा खाली — सदाचेच शब्द. गाडी वळवायला लावली. घाट उतरून माणगावात कळ ओसरली. घरी आल्यावर काहीच नाही.

२० नोव्हेंबर
पूनम रडत परत गेली. तिच्याकडे जायचंय मला. गाठ सोडायलाच हवी. बोटं पांढरी, वळत नाहीत —

२१ नोव्हेंबर
गाठ सुटेना म्हणून दोरी जोरजोरात हिसडली. भराभर हिसके म्हणजे ‘मला ओढून घे’. विसरलेच —

सदा इमानी. ओढतोय. डाव्या हाताची बोटं गाठीत अडकलीत. पलंग खिडकीकडे —

पेपरमिंटचा डबा पूनमला. निळी शाल फिरोजाला. दोरी कुणीही ठेवू नका. आधी गाठ का